शब्दावर उभी राहिलेली बाग

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पश्चिमेला, पॅसिफिक महासागरापर्यंत पसरलेल्या गोल्डन गेट पार्कमध्ये एक जपानी बाग आहे. आत शिरताच अर्धवर्तुळाकार लाकडी पूल दिसतो. पाणी स्थिर असले की पूल आणि त्याचे प्रतिबिंब मिळून पूर्ण वर्तुळ तयार होते. तळ्यात केशरी, पांढरे, काळे ठिपके असलेले कोई मासे संथपणे फिरत असतात आणि धबधब्याजवळच्या उतारावर वयाने वृद्ध, पण उंचीने खुजी झाडे उभी आहेत. चहाघरात बसून ग्रीन टी पिणाऱ्या हजारो पर्यटकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते, की ही बाग एका माणसाने आयुष्याची तीस वर्षे खर्चून वाढवली आणि त्याच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी त्याच्या मुलाबाळांना याच बागेतून बाहेर काढण्यात आले. त्या माणसाचे नाव माकोतो हागिवारा.

हागिवारा यांचा जन्म १८५४ मधला, जपानच्या यामानाशी प्रांतातला. फुजी पर्वताच्या पायथ्याशी वसलेला हा डोंगराळ मुलूख. ते जन्मले त्याच वर्षी अमेरिकी आरमाराचे अधिकारी मॅथ्यू पेरी यांनी जपानला पहिला करार करायला लावला आणि दोन शतकांहून अधिक काळ बंद असलेली त्या देशाची दारे किलकिली झाली. उघडलेल्या दारातून पुढे हजारो तरुण पोटासाठी बाहेर पडले, त्यांत हागिवाराही होते. कॅलिफोर्नियात आलेले बहुतेक जपानी शेतमजुरी, घरकाम किंवा माळीकाम करत. माळीकामात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तरीही हागिवारा यांना निव्वळ माळी म्हणणे अपुरे ठरेल. जागा पाहून तिचे पुढचे रूप ओळखण्याची नजर त्यांच्याकडे होती आणि ती नजर दुसऱ्याला पटवून देण्याचे धाडसही.

संधी आली १८९४ मध्ये. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या यशाने प्रभावित झालेले वृत्तपत्रमालक मायकेल डी यंग यांनी गोल्डन गेट पार्कमध्ये हिवाळी आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवले. त्यात जपानी खेडे उभारण्याचे काम जॉर्ज टर्नर मार्श या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या कलावस्तूंच्या व्यापाऱ्याने अंगावर घेतले. मार्श जपानमध्ये राहिलेला होता आणि १८७६ पासून सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जपानी वस्तूंचे दुकान होते. सुमारे एक एकरावर चहाघर, तळे आणि शिन्शिचि नाकातानी या कारागिराचा तो लाकडी पूल उभा राहिला. मात्र प्रेक्षकांना फिरवण्यासाठी जपानी माणसांनी रिक्षा ओढाव्यात, या कल्पनेने स्थानिक जपानी समाज दुखावला. आपल्या माणसांना जनावरांसारखे जुंपून लोकांपुढे मांडणे त्याला मान्य नव्हते. बहिष्काराची भाषा झाली. अखेर जपानी पोशाख चढवलेल्या युरोपीय माणसांनी त्या रिक्षा ओढल्या, असा विनोदी तोडगा निघाला. विनोदी असला, तरी पुढच्या पन्नास वर्षांची कडवट चाहूल त्यात होती. अमेरिकेला जपानची बाग हवी होती. जपानी माणूस कोणत्या भूमिकेत हवा, हे मात्र तिचे तिने ठरवलेले होते.

प्रदर्शने संपली की मांडव मोडतात. हागिवारा उद्यानाचे अधीक्षक जॉन मॅकलॅरन यांच्याकडे गेले आणि हे खेडे मोडू नका, येथे कायमची जपानी बाग करू द्या, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. मॅकलॅरन हे स्कॉटलंडचे. ओसाड वाळूच्या टेकड्यांवर त्यांनी हे उद्यान फुलवले होते, त्यामुळे समोरच्या माणसाची जात त्यांनी चटकन ओळखली असावी. दोघांचे ठरले. कागद झाला नाही. ठरले ते शब्दावर आणि हस्तांदोलनावर. बाग शहराची, पण ती वाढवायची आणि सांभाळायची हागिवारा यांनी, चहाघर चालवायचे त्यांनी आणि राहायचेही तिथेच, असा तो व्यवहार. दोन्ही बाजूंची माणसे सज्जन असताना अशा व्यवहारात काही बिघडत नाही. त्यांच्यानंतर काय, हा प्रश्न १८९५ मध्ये कुणाला पडला नसावा.

हागिवारा यांनी स्वतःचा पैसा बागेत ओतला. जपानहून रोपे आली, पक्षी आले, सोनेरी मासे आले. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आज जपानी बाग म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते रंगीत कोई मासे त्या काळी जपानमध्येही फारसे कुणाला माहीत नव्हते. निगाता प्रांतातल्या डोंगराळ खेड्यांत भातशेती करणारे शेतकरी खाण्यासाठी पाळलेल्या कार्प माशांतून रंगीत पिल्ले निवडून वाढवत. १९१४ च्या टोकियो प्रदर्शनानंतरच या माशांची ख्याती देशभर झाली. हागिवारांच्या तळ्याचे त्या काळातले वैभव होते ते सोनेरी माशांचे. तळे राखणाऱ्याचे खरे काम मात्र दोन्हींसाठी सारखेच. पाणी वाहते हवे, त्यात हवा खेळती हवी, थंडीत मासे सुस्तावले की खाणे कमी करायचे, मासे आणि पाणी यांचे प्रमाण बिघडू द्यायचे नाही. पाहणाऱ्याला तळे शांत दिसते, कारण कुणीतरी रोज उठून त्याची काळजी वाहत असते.

झाडांचे काम तर याहून नाजूक. बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजे करणे, अशी आपल्याकडेही अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते झाड भरपूर लाडावलेले असते. उथळ कुंडीत माती थोडी, म्हणून उन्हाळ्यात रोज पाणी. दर काही वर्षांनी झाड कुंडीतून काढून मुळे छाटायची, ताजी माती द्यायची. नवे कोंब योग्य वेळी खुडायचे, फांदीला तारेने वळण द्यायचे आणि तार सालीत रुतण्याआधी सोडवायची. पाईन किंवा मेपलचे असे झाड माणसाच्या तीन-चार पिढ्या पाहू शकते. अट एकच. प्रत्येक पिढीत त्याला पाणी घालणारा कोणी तरी हवा. ऐन उन्हाळ्यात घरमालक चार दिवस गावाला गेला आणि शेजाऱ्याला सांगायला विसरला, तर शंभर वर्षांचे झाड वाळू शकते. हागिवारांच्या कुटुंबाने अशी कितीतरी झाडे जोपासली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी हवा बदलली. कॅलिफोर्नियात जपानी स्थलांतरितांविरुद्ध मोहिमा सुरू झाल्या. सॅन फ्रान्सिस्कोचे त्या वेळचे महापौर जेम्स फेलन हे तर पुढे उघड जपानीविरोधी राजकारणासाठीच ओळखले गेले. याच काळात हागिवारांना बागेवरून दूर करण्यात आले. त्यांनी हाय खाल्ली नाही. उद्यानाच्या दक्षिण सीमेवरच्या रस्त्यापलीकडे त्यांनी स्वतःचे चहा-उद्यान थाटले आणि ते चालवून दाखवले. उद्यानातली मूळ बाग मात्र त्यांच्याविना कोमेजू लागली. शेवटी १९०७ मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले. हा काळ लक्षात घेतला तर या बोलावण्याचे मोल कळते. १९०६ च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त केले होते, त्याच वर्षी शहराच्या शाळा मंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत घालण्याचा निर्णय घेतला होता आणि त्यावरून वॉशिंग्टन व टोकियोत तणाव निर्माण झाला होता. आपल्या मुलांशेजारी जपानी मूल बसलेले शहराला चालत नव्हते. जपानी बाग मात्र जपानी माणसावाचून चालत नव्हती.

यानंतरची अठरा वर्षे बागेचा बहराचा काळ. एक एकराची जागा वाढत पाच एकरांपर्यंत गेली. १९१५ च्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनातली काही जपानी बांधकामे, त्यांत एक पाच मजली पॅगोडा, बागेत आणली गेली. बागेतच हागिवारांचे प्रशस्त घर उभे राहिले, शिंतो देवस्थान झाले, मुलेनातवंडे तिथेच वाढली. किमोनो नेसलेल्या स्त्रिया चहा देत आणि चहासोबत एक कुरकुरीत, दुमडलेले बिस्कीट मिळे. त्याच्या पोटात भविष्याची चिठ्ठी. आज जगभर चिनी उपाहारगृहांची खूण मानले जाणारे हे फॉर्च्यून कुकी हागिवारांनीच अमेरिकेत आणले, असा सॅन फ्रान्सिस्कोचा दावा आहे. लॉस एंजेलिसला तो मान्य नाही. १९८३ मध्ये यावर एक लुटुपुटीचा खटलाही चालला आणि निकाल, अर्थातच सॅन फ्रान्सिस्कोत चाललेल्या खटल्याचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने लागला. क्योतोच्या परिसरात अशी चिठ्ठीची बिस्किटे एकोणिसाव्या शतकापासून मिळतात, त्यामुळे शोध कुणाचा हा वाद फारसा खरा नाही. हागिवारांच्या चहाघराने त्यांना अमेरिकी गिऱ्हाइकाच्या तोंडी बसवले, एवढे श्रेय त्यांना द्यायला हरकत नसावी.

एवढे करूनही हा माणूस कायद्याच्या दृष्टीने परकाच राहिला. आशियातून आलेल्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळण्याची तरतूदच नव्हती आणि १९१३ च्या कॅलिफोर्नियातील कायद्याने नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्यांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली. १९२४ मध्ये तर जपानहून येणाऱ्यांसाठी दार जवळजवळ पूर्ण बंद झाले. दुसऱ्याच वर्षी, १९२५ मध्ये, हागिवारा वारले. जावई गोरो यांनी जपानी रिवाजाप्रमाणे सासऱ्यांचे आडनाव लावले होते. त्यांनी बाग पुढे चालवली. १९३७ मध्ये तेही गेले आणि हागिवारांची कन्या ताकानो यांनी मुलांच्या मदतीने भार उचलला. घरातल्या नव्या पिढीचा जन्म अमेरिकेतला, म्हणजे ती मुले अमेरिकेची नागरिक होती.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला आणि त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक होते. बरोबर न्यायचे ते फक्त हाताने उचलता येईल तेवढे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या बहुतेक जपानी कुटुंबांना आधी टॅनफोरानच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, तबेल्यांत ठेवले गेले आणि नंतर युटा राज्यातल्या टोपाझच्या वाळवंटात पाठवले गेले. हागिवारा कुटुंबालाही बाग सोडावी लागली.

उचलता येईल तेवढेच, या अटीचा माळ्याच्या घरात काय अर्थ होतो? तळे उचलता येत नाही. मासे नेता येत नाहीत. पिढ्यानपिढ्या जपलेल्या कुंड्या न्याव्यात तर वाळवंटात पाणी कोण देणार आणि ठेवून जावे तर इथे कोण देणार? कुटुंबाने आपली बरीचशी खुजी झाडे सॅम्युएल न्यूसम या उद्यानरचनाकाराच्या हवाली केली. न्यूसमने ती पुढे डॉ. ह्यू फ्रेझर आणि त्यांच्या पत्नी ऑड्री यांना विकली. झाडे दुसऱ्याच्या अंगणात गेली, पण त्यांना पाणी मिळत राहिले.

इकडे बागेचे नाव बदलून ओरिएंटल टी गार्डन केले गेले. जपानी स्त्रियांच्या जागी चिनी स्त्रिया चहा देऊ लागल्या. हागिवारांचे घर पाडण्यात आले, शिंतो देवस्थानही गेले आणि तिथे पुढे तो १९१५ चा पॅगोडा हलवण्यात आला. कितीतरी वस्तू कुठे गेल्या याचा हिशेब लागला नाही. युद्ध संपले तरी कुटुंबाला बागेत परत येता आले नाही. दाखवायला कागद नव्हता. शब्द देणारे मॅकलॅरन १९४२ मध्ये हयात होते, पण पंचाण्णव वर्षांचे. पुढच्याच जानेवारीत ते वारले. योगायोगाने फॉर्च्यून कुकीचेही याच सुमारास हस्तांतर झाले. जपानी भट्ट्या बंद पडल्या आणि तो धंदा चिनी भट्टीवाल्यांकडे गेला.

शहराचा पश्चात्ताप हप्त्याहप्त्याने आला. १९५२ मध्ये जपानी हे नाव परत मिळाले. पुढच्या वर्षी जपानच्या मुलांनी जमवलेल्या वर्गणीतून एक शांतिदीप आला आणि नागाओ साकुराई यांनी रचलेली दगड-रेतीची झेन बागही झाली. १९७४ मध्ये हागिवारा कुटुंबाच्या स्मरणार्थ एक फलक लागला. तो घडवला होता रुथ असावा या शिल्पकर्तीने, जिची स्वतःची किशोरवयातली वर्षे छावणीत गेली होती. १९८६ मध्ये बागेसमोरच्या रस्त्याला हागिवारांचे नाव मिळाले. दोन वर्षांनी अमेरिकेच्या संसदेने कायदा करून छावण्यांतून वाचलेल्या प्रत्येकाची माफी मागितली आणि वीस हजार डॉलरची भरपाई देऊ केली. ती मिळायला हयात असावे लागत होते आणि तोवर छावण्यांना चार दशकांहून अधिक काळ लोटला होता.

झाडे मात्र त्याआधीच परतली होती. ऑड्री फ्रेझर यांनी ती आपल्या मृत्युपत्राद्वारे बागेला दिली आणि १९६० च्या दशकात ती धबधब्याजवळच्या उतारावर लावण्यात आली. आता ती कुंडीत नाहीत, जमिनीत आहेत. त्यांची मुळे कोणी छाटत नाही, तरी जुन्या वळणामुळे खोडे वाकडी, फांद्या आडव्या पसरलेल्या. उतारावरून खाली आले, की जिथे हागिवारांचे घर होते तिथे आता जमिनीच्या पातळीखाली उतरणारी एक लहानशी बाग लागते.