दिसले तेच लिहिणारे प्रा. नायगमवाला

येरवड्याहून नदी ओलांडून संगमाकडे गेलात की अभियांत्रिकी महाविद्यालय लागते. पूर्वी ते सायन्स कॉलेज होते. तेथील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८) यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून १८८८ साली पुण्यात वेधशाळा उभारली. तिची २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती.

इंग्लंडमधील थोर ज्योतिर्विद लॉकियर हे त्यांचे मार्गदर्शक. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा असते. तिची कड पुसट असते, असे लॉकियर यांचे मत होते. नायगमवालांनी वेध घेतले, तर रेषा रेखीव दिसली. १८९१ साली त्यांनी तसेच प्रसिद्ध केले. गुरूच्या मताखातर नोंद बदलली नाही.

अशाच रेषांनी पुढे विश्वाचे प्रसरण उलगडले. दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या रेषा तांबड्या बाजूला सरकतात. त्यावरून तिचा वेग कळतो. दीर्घिका जितकी दूर तितका वेग अधिक, हे हबल यांनी १९२९ साली दाखविले. वेगाला अंतराने भागले की प्रसरणाचा दर मिळतो. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे तो सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर, असे दीर्घिकांची मोजणी सांगते. विश्वाच्या आरंभकाळातील प्रकाशावरून मात्र ६७ येतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. मित्रहो, प्रयोगवहीत पुस्तकाशी जुळते उत्तर लिहिण्याचा मोह झाला, तर त्यांना आठवा. पालकांनीही न जुळलेल्या उत्तरावर रागावू नये.