जॉन हंटर : दातांच्या मुळाशी असलेल्या जिवंत हाडाचे अभ्यासक

दात पडले की जबड्याची कड झिजू लागते, गाल आत जातात आणि बोळक्या तोंडाची हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते. हा बदल माणसे हजारो वर्षे पाहत होती. त्यामागचे हाडाचे वर्तन पद्धतशीरपणे तपासणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी एक म्हणजे स्कॉटिश शल्यविशारद जॉन हंटर.

हंटर यांचा जन्म फेब्रुवारी 1728 मध्ये स्कॉटलंडमधील लाँग काल्डरवूड येथे झाला. दहा भावंडांत ते धाकटे. शाळेत त्यांचे मन रमले नाही. 1748 मध्ये ते लंडनला थोरले बंधू विल्यम यांच्याकडे गेले. विल्यम तेथे शरीररचनाशास्त्राचे वर्ग चालवीत. तिथे शवविच्छेदन करता करता जॉन यांचा हात आणि नजर तयार झाली. 1760 पासून ते सैन्यात शल्यविशारद होते. 1763 मध्ये परतल्यावर हाताशी काम कमी होते, तेव्हा त्यांनी जेम्स स्पेन्स या दंतवैद्याबरोबर काम सुरू केले. दात काढणे हे तेव्हा कमी प्रतीचे काम समजले जाई. हंटर यांनी मात्र ते अभ्यासाचा विषय बनवले.

1771 मध्ये मानवी दातांवरील त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले आणि 1778 मध्ये दातांच्या रोगांवरचे दुसरे. जबड्यातील ज्या खोबणीत दात बसतो, तिचे हाड दातासाठीच असते, हे त्यांनी नीट मांडले. दात येताना ते घडते, दात गेला की विरघळू लागते. जनावरांना मॅडर ही तांबडा रंग देणारी मुळी खाऊ घालून त्यांनी हाडाची वाढ तपासली. त्या काळात तयार होणारे हाडच तांबडे होते. जबडा मागच्या बाजूला नवे हाड चढवत वाढतो आणि त्याच वेळी दुसरीकडचे हाड विरघळत असते, हे त्यातून दिसले. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे, त्याची घडामोड सतत सुरू असते, हे त्यांच्या अभ्यासाचे सार होते.

दात दुसऱ्या जागी रुजवण्याचे प्रयोगही त्यांनी केले. त्यांनी माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात बसवून पाहिला. अनेक प्रयत्नांत एकदाच तो चांगला जुळला. हा नमुना आजही लंडनमधील हंटेरियन संग्रहालयात आहे. पण पुढची पायरी वेदनादायक होती. गरीब मुलांचे निरोगी दात पैसे देऊन काढायचे आणि श्रीमंतांच्या तोंडात बसवायचे, ही पद्धत त्या काळी बोकाळली. हंटर यांच्या नावामुळे तिला वजन मिळाले. असे दात बसवल्यानंतर काहींना उपदंशासारखा आजार झाल्याचे दिसले, तरी तो दाताबरोबर आला असावा हे हंटर यांना पटले नाही. पुढे ही पद्धत मागे पडली, पण तोवर कित्येक गरिबांचे दात कायमचे गेले होते.

किडलेला दात काढून, उकळून पुन्हा बसवावा, असाही त्यांचा सल्ला होता. त्यात काय चुकत होते, हे आज पेशींच्या पातळीवर सांगता येते. दाताचे मूळ आणि खोबणीचे हाड यांच्यामध्ये सुमारे 0.2 मिलिमीटर रुंदीचा मऊ बंध असतो, पेरिओडॉन्टल लिगामेंट. त्यातील पेशी केवळ धागे विणत नाहीत. अल्कलाइन फॉस्फटेज, ऑस्टिओपॉन्टिन, बोन सायलोप्रोटीन यांसारखी हाडांच्या घडणीशी निगडित प्रथिनेही त्या तयार करू शकतात. त्यांच्यातील काही पेशी पुढे हाड किंवा मुळावरचे सिमेंटम घडवणाऱ्या पेशी बनतात. शेजारच्या हिरडीच्या पेशींत हा गुण बराच कमी असतो. तरीही दोन कठीण थरांमध्ये असलेला हा बंध स्वतः मऊच राहतो. त्यातील पेशी मेल्या, की मूळ थेट हाडाला चिकटते आणि हळूहळू झिजून जाते. दात उकळताना नेमक्या याच पेशी नष्ट होत.

म्हणूनच अपघातात पक्का दात मुळासकट निखळला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाने धरावा, मूळ घासू नये. मळला असल्यास दात क्षणभर पाण्याखाली धरून शक्य तर लगेच जागेवर बसवावा, नाहीतर दुधात ठेवून दंतवैद्याकडे धाव घ्यावी. पहिला अर्धा तास मोलाचा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. हिरड्यांच्या जुनाट आजारातही याच बंधाचा व हाडाचा नाश होतो. ब्रश करताना रक्त येणे हा त्याचा पहिला इशारा असू शकतो. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे हा धोका वाढतो.

16 ऑक्टोबर 1793 रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील बैठकीत वाद झाला आणि हंटर तेथेच कोसळून मरण पावले. देवीची लस देणारे एडवर्ड जेन्नर हे त्यांचे शिष्य. हंटर यांनी जमवलेले हजारो नमुने ब्रिटिश सरकारने 1799 मध्ये 15,000 पौंडांना विकत घेतले. दात आणि जबड्याचे नाते जिवंत आहे, हे त्यांनी ओळखले होते. ते नाते जपणाऱ्या पेशी आणि त्यांची प्रथिने दिसायला मात्र आणखी दोन शतके जावी लागली.