रेवन्सक्रॉफ्टची रडकी काच

मटेरियल सायन्सच्या पुस्तकात लेड ग्लास दीड ओळीत संपते. व्हायवात 'हाय रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स' एवढं म्हटलं की सर पुढच्या रोल नंबरकडे वळतात. मला मात्र लायब्ररीत त्या दीड ओळीमागचा माणूस सापडला. जॉर्ज रेवन्सक्रॉफ्ट. इंजिनिअर नव्हे, चक्क व्यापारी!

तरुणपणी तो बरीच वर्षं व्हेनिसला राहिला. तिथली काच तेव्हा जगात अव्वल. तशी काच आपणही करावी म्हणून 1673 साली त्याने लंडनला थेम्सकाठी भट्टी टाकली, 1674 मध्ये सात वर्षांचं पेटंटही मिळवलं. पण काच निघाली रडकी. अगदी शब्दशः! मिश्रणात अल्कली जास्त, चुना कमी. हवेतल्या ओलाव्याने अल्कली बाहेर यायची, काच पाझरायची आणि मग तिच्यावर बारीक तड्यांचं जाळं पडायचं. पेटंट हातात आणि पेले असे!

मग मिश्रणात शिशाचं ऑक्साइड पडू लागलं. 1676 च्या सुमारास दोष बराच आटोक्यात आला. काच जड, लखलखीत, टिचकी मारली की घंटेसारखी वाजणारी. 1677 पासून पेल्यांवर डोमकावळ्याच्या डोक्याचा शिक्का आला, कारण इंग्रजीत 'रेवन' म्हणजे डोमकावळा. (शोध त्याचा की दा कोस्टा नावाच्या त्याच्या इटालियन कारागिराचा, यावर अभ्यासकांचा वाद आहे. आपल्या ग्रुप प्रोजेक्टसारखंच झालं असावं.) 1679 मध्ये त्याने हा धंदा सोडला, 1683 मध्ये तो वारला.

त्याने एक पाझर थांबवला, पण दुसरा मागे ठेवला. वाइन, लिंबाचा रस, व्हिनेगर यांतले हायड्रोजन आयन काचेतल्या शिशाची जागा घेतात आणि शिसं पेयात उतरतं. शिसं विषारी हे रोमन काळातही माहीत होतं, पण काचेत वितळलेलं शिसं परत बाहेर येईल हे त्याला कुठून कळणार? मी तरी त्याला दोष देत नाही. 1991 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी क्रिस्टलच्या सुरयांत पोर्ट वाइन ठेवली. आधी तिच्यात लिटरमागे 89 मायक्रोग्रॅम शिसं होतं. चार महिन्यांनी एका सुरईत ते 5000 च्या वर गेलं! आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं किती चालतं, याची सुरक्षित अशी पातळीच नाही.

आमच्या शोकेसमध्ये आहेरात आलेला असाच एक जड वाडगा आहे. पाहुणे आले की आई त्यात लिंबाचं लोणचं काढायची, उरलेलं त्यातच राहायचं. दिवाळीच्या सुट्टीत मी ते साध्या काचेच्या बरणीत हलवलं. पेल्यातून घटकाभरात पिऊन टाकलं तर शिसं थोडंच उतरतं, खरी भीती साठवण्याची. हल्ली शिशाऐवजी बेरियम किंवा झिंक घातलेलं क्रिस्टलही मिळतं. खोक्यावर 'लेड-फ्री' असेल तर खुशाल वापरा. आमच्या वाडग्याचं खोकं केव्हाच रद्दीत गेलंय, म्हणून सध्या त्यात आईच्या बांगड्या असतात.