विश्लेषण : सांजवेळी 'नमस्कार' करणारे झाड आणि जगदीशचंद्र बोस

देवळात सांजवेळी घंटा वाजू लागल्या की खजुरीचे एक झाड वाकून शेंडा जमिनीला टेकवी आणि सकाळी पुन्हा उभे राही. आजच्या बांगलादेशातील फरीदपूरच्या या झाडाला शंभर वर्षांपूर्वी लोक नवस बोलत. त्यामागचे कारण शोधले जगदीशचंद्र बोस यांनी.

बोस कोण होते?

१८५८ मध्ये जन्मलेल्या बोस यांचे बालपण फरीदपुरातच गेले. केंब्रिजहून परतल्यावर १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केल्याने तीन वर्षे त्यांनी पगारच घेतला नाही. रेडिओलहरींवरील संशोधनानंतर ते वनस्पतींकडे वळले.

परवानगी कशी मिळाली?

विलायती यंत्राच्या स्पर्शाने झाडाचे सामर्थ्य जाईल, अशी मालकाला भीती होती. यंत्र कोलकात्यातच बनवले आहे आणि ते पुजाऱ्याचा मुलगा असलेला सहायक बसवेल, असे बोस यांनी सांगितल्यावर मालक तयार झाला.

नोंदींत काय दिसले?

यंत्राने रात्रंदिवस नोंद घेतली. झाड फक्त सांजसकाळ नव्हे, तर सतत हलत होते. सकाळी ते सर्वांत उंच असे, दुपारी उन्हाच्या कडाक्यात सर्वांत खाली. म्हणजे संबंध घंटेशी नसून तापमानाशी होता. तरीही ही निव्वळ लाकडाची हालचाल नव्हती. साधारण वर्षभराने झाड मेले आणि हालचालही थांबली. ती जिवंत पेशींचीच होती.

मग हे झाडाचे 'घड्याळ' होते का?

तसे म्हणता येत नाही. तापमानामागे चालणारी लय वेगळी आणि शरीरातले घड्याळ वेगळे. १७२९ मध्ये फ्रान्सच्या द मेराँ यांनी लाजाळूसारखी वनस्पती अंधारात ठेवली, तरी तिची पाने रोजच्या वेळी उघडत-मिटत राहिली. ही लय आतून येणारी होती. अशा घड्याळामागील जनुकांचा फळमाशीत शोध घेणाऱ्या तिघांना २०१७ चे नोबेल मिळाले.

बोस यांचे महत्त्व काय?

१९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली; १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. फरीदपुरात त्यांनी श्रद्धेची टिंगल केली नाही आणि चमत्कारही मानला नाही. लोक झाड दिवसातून दोनदा पाहत होते. बोस यांनी ते चोवीस तास पाहिले.