त्वचेच्या कर्करोगाचे मूळ शोधणारे डॉ. खानोलकर

वैशाखवणवा पेटला की नागपूरचे रस्ते दुपारी ओस पडतात. मे २०१३ मध्ये तर शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. डोक्याला दुपट्टा आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळूनच नागपूरकर घराबाहेर पडतो. हा बंदोबस्त उन्हाची झळ टाळण्यासाठी असतो. त्वचेच्या कर्करोगाचा विचार त्यामागे क्वचितच असतो. तो गोऱ्या लोकांचा आजार, अशी आपली समजूत. ती बऱ्याच अंशी खरी असली तरी पूर्ण खरी नाही. भारतीयांच्या त्वचेलाही कर्करोग होतो आणि त्याची कारणे अनेकदा आपल्या राहणीमानात दडलेली असतात, हे पुराव्यानिशी मांडणाऱ्या संशोधकांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी त्यांनी मिळविली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व पुढे सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी पर्वाला प्रारंभ झाला.

त्या काळात कर्करोग म्हणजे दैवाचा फेरा, असेच सर्वसामान्य माणूस मानत असे. खानोलकरांनी मात्र रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या गाठीबरोबरच त्याचे खाणेपिणे, व्यसने, व्यवसाय आणि पेहराव यांचाही अभ्यास केला. मुंबईसारख्या बहुरंगी शहरात निरनिराळ्या समाजांत निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग आढळतात, हे त्यांनी हेरले. तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा त्यांनी घेतलेला आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह त्यांनी भारतीय चालीरीतींशी निगडित असलेल्या तीन नव्या प्रकारच्या कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यातील एक होता ‘धोतराचा कर्करोग’.

वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी धोतर घट्ट कसले, की कापड त्वचेवर सतत घासत राहते. घाम आणि धूळ यांची त्यात भर पडते. त्या जागेचा रंग जातो, कातडी जाड होते, खपल्या धरतात. पुढे चीर पडते, ती भरते आणि पुन्हा चिघळते. अशा न भरणाऱ्या जखमेतील पेशी कालांतराने कर्करोगाचे रूप घेऊ शकतात. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांच्या पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेला कर्करोग होतो, हे त्याआधीच नोंदले गेले होते. तेथे उष्णता आणि येथे घर्षण; त्वचेला वारंवार होणारी इजा मात्र दोन्हीकडे समान.

हे संशोधन जुने झाले, असे कोणी समजू नये. नागपूरच्या शेजारच्या वर्ध्यातील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात अशाच दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. एक सत्तरीची, तिच्या कमरेवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी साठीच्या उत्तरार्धातील. ती चाळीस वर्षे परकराविना घट्ट लुगडे नेसत होती. निदान झाले तेव्हा तिचा रोग जांघेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचला होता. परकराचा नाडा सैल बांधणे, बांधण्याची जागा बदलत राहणे, कातडी सोलवटली असेल तर ती पूर्ण बरी होईपर्यंत सैल कपडे घालणे, एवढ्या साध्या उपायांनी हा धोका टळू शकतो.

उन्हाचेही तसेच आहे. सूर्याच्या किरणांमुळे कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्ये निर्विवाद मान्य केले. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणांना बरेचसे अडवते. म्हणून आपल्याकडे हा रोग तुलनेने कमी. पण कमी म्हणजे मुळीच नाही, असे नव्हे. अतिनील किरणांची तीव्रता पाऱ्यावर नव्हे, तर सूर्याच्या उंचीवर अवलंबून असते. मेच्या अखेरीस नागपुरात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. अशा दिवसांत दुपारी सावलीत राहणे, घट्ट विणीचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रुंद काठाची टोपी वापरणे हितावह. शिवाय भारतीयांत मेलॅनोमा हा घातक कर्करोग तळपाय, तळहात आणि नखांखालीही उद्भवतो, जेथे ऊन फारसे पोहोचतच नाही. म्हणून तेथील नवा काळा डाग किंवा आठवडेच्या आठवडे न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

खानोलकरांचा व्यासंग एवढ्यावर थांबला नाही. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची उभारणी त्यांनीच केली आणि प्रदीर्घ काळ त्याचे संचालकपद भूषविले. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधिका त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडल्या. कुष्ठरोगावरही त्यांनी मोलाचे काम केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद हे सन्मानही त्यांना लाभले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. ज्या सवयीतून रोग उपजतो ती बदलता येते, हा त्यांच्या संशोधनातून मिळणारा दिलासा आहे. त्या दोघींना कमरेवरची जखम वेळीच दाखवण्याचे महत्त्व कोणी सांगितले असते, तर कदाचित त्यांचे दुखणे इतके वाढले नसते.