टायनी : रमाकांत देसाई

मंडळी, उन्हाळा आला की युट्रेख्टला काम्पाँग क्लबच्या मैदानावर आपली मुले क्रिकेट खेळताना दिसतात. कोणालाही विचारा, सगळ्यांना बुमराहसारखा चेंडू टाकायचा असतो. आमच्या पिढीत असे नव्हते हो! भारत म्हणजे फिरकी, आणि वेगवान गोलंदाज म्हणजे परदेशी पाहुणे, अशीच आमची समजूत. त्या दुष्काळात मुंबईच्या एका लहानखुऱ्या मराठी मुलाने जवळजवळ नऊ वर्षे भारताचा नवा चेंडू सांभाळला. त्यांची ही ओळख, खास आपल्या मुलांसाठी.

रमाकांत भिकाजी देसाई यांचा जन्म २० जून १९३९ चा, मुंबईचा. उंची जेमतेम पाच फूट चार इंच! म्हणून सगळे त्यांना 'टायनी' म्हणत. पण धाव घेऊन चेंडू सोडला की तो अंगावर उसळून येई, आणि सहा फुटी फलंदाजांनाही मान वाकवावी लागे.

१९५८-५९ च्या पहिल्याच रणजी मोसमात त्यांनी ५० बळी घेतले, तेही सुमारे ११ च्या सरासरीने. मुंबईने त्या वर्षी रणजी करंडक जिंकला आणि पुढे सलग १५ वर्षे तो कोणाला दिला नाही. त्यातली बरीच वर्षे नवा चेंडू देसाईंच्या हातात होता.

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. हॉल आणि गिलख्रिस्ट यांच्या तोफखान्यापुढे आपली दाणादाण उडाली. एका मालिकेत आपण चार कर्णधार बदलले! फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीच्या शेवटच्या कसोटीत एकोणीस वर्षांच्या देसाईंना बोलावणे आले. पाहुण्यांनी ८ बाद ६४४ धावांवर डाव घोषित केला. देसाईंनी ४९ षटके टाकली आणि १६९ धावांत ४ बळी घेतले. एकोणचाळीस नाही, चक्क एकोणपन्नास षटके, पहिल्याच कसोटीत, एका डावात! आजचा कोणी प्रशिक्षक हे होऊ देईल का? आज मुलांची षटके मोजतात, विश्रांती ठरवून देतात. तेव्हा चेंडू हातात दिला, की टाक बाबा संध्याकाळपर्यंत.

आपल्याकडे वेगवान गोलंदाज का घडत नव्हते, याचे उत्तर मला तरी यातच दिसते. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर आपण पहिली कसोटी खेळलो तेव्हा महंमद निसार आणि अमरसिंग ही खरीखुरी वेगवान जोडी होती. पण अमरसिंग १९४० मध्येच वारले आणि निसार फाळणीनंतर पाकिस्तानात राहिले. कोल्हापूरला जन्मलेल्या दत्तू फडकरांनी काही काळ भार उचलला, पण ते अष्टपैलू. पुढे खेळपट्ट्या अशा मंद केल्या गेल्या, की नव्या चेंडूचे काम केवळ चकाकी घालवून तो फिरकी गोलंदाजाच्या हाती देणे एवढेच उरले. मग कोणता मुलगा पाठ मोडून घेईल? १९६७ मध्ये एजबॅस्टनला तर यष्टिरक्षक बुधी कुंदरन यांना गोलंदाजीची सुरुवात करावी लागली होती!

देसाईंना थोडी साथ देणारी खेळपट्टी मिळाली की काय होई, ते १९५९ मध्ये लॉर्ड्सवर दिसले. इंग्लंडचा डाव २२६ धावांत संपला, त्यात देसाईंचे ८९ धावांत ५ बळी. सामना मात्र आपण हरलो. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध त्यांनी २१ बळी घेतले, हनीफ महंमद यांना वारंवार चकवले. त्याच मालिकेत मुंबईला दहाव्या क्रमांकावर येऊन ८५ धावाही काढल्या! नाना जोशींबरोबर नवव्या गड्यासाठी १४९ धावांची भागीदारी झाली. मुंबईलाच १९६५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ५६ धावांत ६ बळी, ही त्यांची कसोटीतली सर्वोत्तम कामगिरी.

पण मला सर्वांत जास्त भावते ती १९६८ ची ड्युनेडिनची कसोटी. डिक मॉट्झ यांच्या उसळत्या चेंडूने देसाईंचा जबडा मोडला. हेल्मेट कुठले तेव्हा! तरी ते मैदान सोडून गेले नाहीत. तरुण बिशनसिंग बेदी दुसऱ्या टोकाला होते. त्या शेवटच्या जोडीने ५७ धावा जोडल्या आणि भारताला जेमतेम ९ धावांची आघाडी मिळाली. पुढे प्रसन्ना यांच्या फिरकीने न्यूझीलंडला गुंडाळले आणि परदेशात भारताने पहिल्यांदाच कसोटी जिंकली.

त्याच वर्षी देसाईंची कसोटी कारकीर्द संपली. वय अवघे अठ्ठावीस! २८ कसोटींत ७४ बळी, सरासरी ३७ च्या वर. आकडे फार मोठे वाटत नाहीत खरे, पण त्या खेळपट्ट्या आणि ती षटके लक्षात घेऊन ते वाचावेत.

दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, कपिल देव आले. १९८७ मध्ये चेन्नईला एमआरएफची वेगवान गोलंदाजांची शाळा निघाली आणि डेनिस लिली शिकवायला आले. देसाई १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. २७ एप्रिल १९९८ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, वयाच्या ५८ व्या वर्षी.