जमिनीचा कथाकार : फकीरमोहन सेनापती

आधुनिक ओडिया गद्याचे जनक मानले जाणारे फकीरमोहन सेनापती यांचा जन्म १३ जानेवारी १८४३ रोजी बालेश्वर येथे झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपल्याने आजीने त्यांचा सांभाळ केला. प्रारंभी शिक्षक आणि पुढे ओडिशातील विविध संस्थानांचे दिवाण म्हणून काम करताना जमीनदारी आणि कज्जेखटल्यांत भरडली जाणारी रयत त्यांनी जवळून पाहिली.

या अनुभवातून ‘छ माण आठ गुंठ’ ही कादंबरी साकारली. १८९७ ते १८९९ या काळात ती ‘उत्कल साहित्य’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. जमिनीचे मापच तिचे शीर्षक आहे. भगिया आणि सारिया या निपुत्रिक विणकर दांपत्याची सव्वासहा एकरांहून किंचित अधिक सुपीक जमीन जमीनदार रामचंद्र मंगराज कपटाने बळकावतो. जमीन जाताच भगियाला वेड लागते, तर सारिया प्राण सोडते. मंगराजच्या हातीही काही उरत नाही. त्याची मालमत्ता अखेर वकिलाच्या घशात जाते.

शेतकऱ्याच्या जगण्याचा आधार असलेली जमीन कादंबरीच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या आद्य भारतीय लेखकांत फकीरमोहन यांची गणना होते. १४ जून १९१८ रोजी त्यांचे निधन झाले.